जनुकाला प्रश्न कसा विचारायचा?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान मराठीतून शिकवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून माझा विषय मराठीतच, घाई न करता मांडायला मिळतो आहे, याचे मला मनापासून समाधान आहे.

विषय आहे जनुकीय संपादन. वर्तमानपत्रांत या विषयावर जे छापून येते ते बहुतेक नव्या उपचारांबद्दल किंवा नव्या वाणांबद्दल असते. मी आज त्याच्या आधीच्या पायरीवर थांबणार आहे. एखादे जनुक शरीरात नेमके काय काम करते, हे आपल्याला कळते कसे? आणि ते कळले असे आपण कधी म्हणावे?

मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली. सुमारे ३ अब्ज अक्षरांचा हा मजकूर. त्यात प्रथिने बनवणारी जनुके साधारण २० हजार. मजकूर हाती आला, पण नुसता वाचून त्याचा अर्थ लागत नाही. एखादे जनुक मेंदूत चालू आहे, यकृतात बंद आहे, एवढे मोजता येते. ते नसते तर काय बिघडले असते, हे मात्र मोजून कळत नाही. त्यासाठी जिवंत प्राण्यात ते जनुक बदलावे लागते आणि त्या प्राण्याकडे लक्षपूर्वक पाहत राहावे लागते. माणसावर हे करता येत नाही, करूही नये. म्हणून फळमाशी, सूत्रकृमी, झेब्राफिश आणि उंदीर हे आपले प्रारूप सजीव झाले. आपल्या कितीतरी जनुकांचे भाऊबंद त्यांच्यात आहेत, त्यांच्या पिढ्या लवकर पालटतात आणि त्यांना प्रयोगशाळेत सांभाळता येते.

सुरुवातीची अनेक दशके जनुक बदलणे हा योगायोगाचा भाग होता. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्या नरापासून पुढच्या पिढ्या वाढवत मॉर्गन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जनुके गुणसूत्रांवर असतात हे पक्के केले. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी असे बदल मुद्दाम घडवता येतात हे दाखवले. बदल घडवता आला, तरी तो कुठे घडेल यावर कोणाचाच ताबा नव्हता.

ताबा नसतानाही नीट आखणी केली तर केवढे काम होते, याचे उत्तम उदाहरण जर्मनीतल्या हायडेलबर्गचे आहे. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक व्हिशाउस यांनी माश्यांना रसायन देऊन हजारो वंश तयार केले आणि प्रत्येक वंशातल्या मेलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. दोघांना एकाच वेळी एकच अळी पाहता यावी म्हणून त्यांचा सूक्ष्मदर्शक जोड नेत्रिकांचा होता. एखादी अळी आखूड का, तिचे खंड एकाआड एक गायब का, असे प्रश्न विचारत त्यांनी शरीराची आखणी करणारी जनुके वेगळी काढली. १९८० मध्ये हे काम छापून आले आणि १९९५ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

त्याच सुमारास आपल्या मुंबईतही हेच काम चालू होते. ओबैद सिद्दीकी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राची पायाभरणी केली. पुढे सीमोर बेंझर यांच्यासोबत त्यांनी, ऊब वाढली की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका वंशाचे नाव ‘कोमाटोस’. ही माशी गरम झाली की निपचित पडते आणि पुन्हा थंडावा मिळाला तरी लवकर उठत नाही. तिच्यातले बिघडलेले जनुक मज्जापेशींमधल्या संदेशांच्या पुरचुंड्यांची ये-जा सांभाळते, हे बऱ्याच वर्षांनी कळले. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज सिद्दीकींकडे शिकायला आल्या. चव आणि वास ओळखण्यात चुकणाऱ्या माश्या त्यांनी शोधल्या आणि त्यांवरून घ्राणेंद्रियाच्या जडणघडणीचा अभ्यास उभा केला. माशीला वास कसा कळतो, या प्रश्नाचे जगातले काही सुरुवातीचे धागे कुलाब्यातल्या याच संस्थेत सापडले आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

या सगळ्या कामाची दिशा दोषाकडून जनुकाकडे होती. आधी बिघडलेला प्राणी दिसायचा, मग वर्षानुवर्षे खपून त्याचे जनुक शोधायचे. उलट दिशेने जाता येईल का, म्हणजे आधी जनुक निवडायचे, तेवढेच बदलायचे आणि मग प्राणी पाहायचा? उंदरात हे सर्वांत आधी साधले. मारियो कापेकी, ऑलिव्हर स्मिथीज आणि मार्टिन इव्हान्स यांच्या पद्धतीने १९८९ च्या सुमारास पहिले ‘नॉकआउट’, म्हणजे निवडलेले जनुक मोडलेले, उंदीर जन्मले. तिघांना २००७ चे नोबेल मिळाले. पण एका जनुकासाठी एखाद्या संशोधकाची दोन-दोन वर्षे जात, आणि माशाला किंवा इतर बऱ्याच प्राण्यांना ही पद्धत लागूच पडत नसे.

अडचण डीएनए कापण्याची होती. हव्या त्या जागी कापता आले, तर पुढचे काम पेशी स्वतःच करते. तुटलेला डीएनए पेशीला चालत नाही, ती तो लगेच जोडते. घाईने जोडताना दोन-चार अक्षरे गळतात किंवा वाढतात. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जात असल्याने तेवढ्यानेही पुढचे सगळे वाचन चुकते आणि प्रथिन अर्धवट राहते. झिंक फिंगर न्यूक्लिएज आणि नंतरची टॅलेन या पद्धतींनी हवी ती जागा कापता येऊ लागली. डाना कॅरल यांच्या गटाने २००२ मध्ये फळमाशीत ते करून दाखवले. पण दर नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे, आणि ते थोड्याच प्रयोगशाळांच्या आवाक्यातले होते.

२०१२ मध्ये हे चित्र पालटले. जिवाणूंकडे विषाणूंशी लढण्याची ‘क्रिस्पर’ नावाची एक जुनी यंत्रणा आहे. पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा ते आपल्या जनुकसंचात जपून ठेवतात आणि पुढच्या हल्ल्यात त्या तुकड्यावरून शत्रू ओळखून त्याला कापतात. दही आणि चीज बनवणाऱ्या जिवाणूंत हे २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले होते. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटांनी या यंत्रणेतले कॅस-नाइन हे कापणारे प्रथिन वेगळे काढले आणि त्याला वाट दाखवणारे दोन आरएनए जोडून एकच ‘गाइड आरएनए’ केला. आता जागा बदलायची तर प्रथिन बदलण्याची गरज उरली नाही. आरएनएमधली २० अक्षरे बदलली की झाले. फक्त त्या जागेला लागून एक ठरावीक छोटी खूण असावी लागते, ज्यात दोन ‘जी’ अक्षरे शेजारी येतात. अशी खूण जनुकसंचात जागोजागी आहे. २०१३ संपेपर्यंत मानवी पेशी, झेब्राफिश, फळमाशी, सूत्रकृमी आणि उंदीर या सगळ्यांत क्रिस्परने संपादन झालेले होते. शार्पेंतिए आणि डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे काम हाताने कसे होते ते जरा जवळून दाखवतो. झेब्राफिश हा आपल्याकडचाच मासा. गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एका छोट्या टाकीत, मध्ये पारदर्शक पडदा घालून ठेवतात. माशांच्या खोलीत सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्याच वेळात अंडी पडू लागतात आणि जाळीतून खाली जमतात. ती गोळा करायला साधी चहाची गाळणी चालते. फलित अंड्याची पहिली विभागणी व्हायला पाऊण तास लागतो, आणि हाताशी वेळ असतो तो तेवढाच. अॅगरोजच्या जेलीतल्या खाचांत अंडी ओळीने मांडायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि काचेच्या केसासारख्या बारीक सुईने प्रत्येकात सुमारे एक नॅनोलिटर, म्हणजे लिटरचा अब्जावा भाग, द्रव सोडायचा. त्या द्रवात कॅस-नाइन, गाइड आरएनए आणि दिसावे म्हणून थोडा लाल रंग असतो. हात बसायला काही आठवडे लागतात. बसला की एका सकाळी शे-दोनशे अंडी होतात.

शिकताना सराव बहुधा टायरोसिनेज या जनुकावर केला जातो, कारण त्याचे उत्तर डोळ्यांना दिसते. हे जनुक काळा रंग बनवते. दोन दिवसांनी शेजारच्या भांड्यातल्या साध्या पिल्लांचे डोळे काळेभोर झालेले असतात, अंगावर काळे ठिपके आलेले असतात. संपादन झालेल्या पिल्लांपैकी काही पूर्ण पांढरी, काही ठिकठिकाणी पांढरी. हे ठिगळ महत्त्वाचे आहे. कॅस-नाइन काम करेपर्यंत अंड्याच्या दोन, चार, आठ पेशी झालेल्या असतात आणि प्रत्येक पेशीत वेगळा बदल होऊ शकतो. म्हणजे या पहिल्या पिढीचा मासा हे अनेक उत्तरांचे मिश्रण असते. तो तीन महिन्यांनी वयात आला की त्याचा साध्या माशाशी संकर करायचा, पिल्लांच्या शेपटीच्या परातला कण काढून डीएनए वाचायचा, एकच बदल असलेले नर-मादी निवडायचे आणि त्यांच्या पिल्लांत बदल झालेली चतुर्थांश पिल्ले तपासायची. कापण्याचे काम एका सकाळी होते, खात्रीचे उत्तर यायला सहा-सात महिने लागतात. ‘क्रिस्परने सगळे झटपट होते’ असे जे म्हटले जाते, त्यात हे महिने मोजलेले नसतात.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर झेब्राफिशची आणखी एक गोष्ट सांगतो. ‘गोल्डन’ नावाचा फिकट अंगाचा एक वंश पूर्वीपासून प्रयोगशाळांत होता. २००५ मध्ये पेन्सिल्वेनियात कीथ चेंग यांच्या गटाने त्यातले बिघडलेले जनुक शोधले, एसएलसी-२४-ए-५. मग त्यांनी माणसाच्या याच जनुकाचा आरएनए फिकट माशाच्या अंड्यात घातला आणि पिल्लांचा गडद रंग परत आला. माणसाच्या जनुकाने माशाची उणीव भरून काढली. पुढे असे दिसले की युरोपातल्या जवळजवळ सर्व लोकांत या जनुकातले एक अक्षर बदललेले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये भारतीय उपखंडात हाच बदल तपासला, तेव्हा तो निरनिराळ्या जातीजमातींत कमीजास्त प्रमाणात सापडला. ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातीत आजही ‘गोरी’ असे लिहिले जाते, त्या समाजाने हे जरूर ऐकावे. ज्या रंगावरून आपण माणसे तोलतो, त्याचा मोठा भाग अशा मोजक्या अक्षरांचा आहे. एकेका अक्षराचे काम पडताळणे आता सोपे झाले आहे. २०१६ पासून डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या बेस एडिटिंग आणि प्राइम एडिटिंग या पद्धतींनी डीएनएचे दोन्ही धागे न तोडता नेमके अक्षर बदलता येते.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. जनुक मोडले आणि काहीच बिघडले नाही, तर काय समजायचे?

झेब्राफिशमध्ये २००० पासून मॉर्फोलिनो नावाचे छोटे रेणू वापरले जात. ते जनुकाला हात लावत नाहीत, त्याच्या आरएनएला चिकटून प्रथिन बनू देत नाहीत. या पद्धतीने शेकडो जनुकांची कामे छापून आली. मग क्रिस्पर आणि टॅलेन आले आणि तीच जनुके मुळातून मोडली गेली. बहुसंख्य जनुकांत आधी दिसलेला दोष दिसलाच नाही. मोठी खळबळ झाली. मॉर्फोलिनो विषारी असणार, इतक्या वर्षांचे निष्कर्ष पुसून टाकावे लागणार, असे पुष्कळांना वाटले. काही बाबतीत ते खरेही होते.

जर्मनीतल्या बाड नाउहाइम येथे डिडिए स्टेनिए यांच्या गटाने ईजीएफएल-७ या रक्तवाहिन्यांशी संबंधित जनुकावर हा वाद तडीस नेला. मॉर्फोलिनो दिला की रक्तवाहिन्या बिघडत. जनुक मोडलेले मासे मात्र बहुतेक ठणठणीत. त्यांनी एक साधा आणि फार सुंदर प्रयोग केला. जनुक आधीच मोडलेल्या माशांना तोच मॉर्फोलिनो दिला. तो विषारी असता तर हे मासेही बिघडायला हवे होते. ते फारसे बिघडले नाहीत. म्हणजे मॉर्फोलिनो प्रामाणिक होता, आणि मोडलेल्या माशांत दुसरेच काही घडत होते. शोध घेतल्यावर दिसले की त्यांच्यात त्याच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्या जनुकांनी आपले उत्पादन वाढवले आहे. मेन लाइन गेली की इन्व्हर्टर सुरू व्हावा तसे. हे २०१५ साली छापून आले.

इन्व्हर्टर सुरू कशाने होतो, हे २०१९ मध्ये कळले. बिघडलेल्या जनुकापासून सदोष आरएनए बनतो आणि पेशी तो नष्ट करते. त्या नष्ट होण्यातूनच मिळत्याजुळत्या मजकुराच्या जनुकांना जागे होण्याचा इशारा मिळतो. मग संशोधकांनी जनुकाचा आरंभच कापून टाकला, म्हणजे आरएनए बनायलाच नको. इशारा मिळाला नाही, भरपाई झाली नाही आणि लपलेला दोष समोर आला. एकच जनुक, एकच मासा. मोडण्याची जागा वेगळी, म्हणून उत्तर वेगळे.

मला आज एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची असेल तर ती ही आहे. ‘या जनुकाचे काम काय’ हा प्रश्न अपुरा आहे. ते कसे मोडले, कुठल्या पेशीत मोडले, कोणत्या वयात मोडले आणि किती मोडले, हे जोडल्याशिवाय त्याला खरे उत्तर नाही. साधने सुधारली तसा आपला प्रश्न नेमका होत गेला, आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्राची खरी प्रगती तीच आहे. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत एका गाइड आरएनएवर कोणी विसंबत नाही. दोन वेगळ्या जागा कापून तोच दोष येतो का ते पाहतात, मग निरोगी जनुकाचा आरएनए घालून दोष भरून निघतो का तेही पाहतात. भलतीकडेच कापले गेले नाही ना, याची तपासणी वेगळी.

असा नेमका प्रश्न विचारल्याने काय हाती लागते, ते आपल्या घराजवळच्या आजारावरून सांगतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या मोठ्या भागात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मुले असह्य वेदनांनी तळमळतात. गर्भात मात्र आपले हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ते बंद होते. ते चालू राहिले तर आजार सौम्य होतो, हे डॉक्टरांना दशकांपूर्वीच माहीत होते. पण ते बंद करते कोण?

२००७-०८ मध्ये लोकसंख्येच्या अभ्यासांतून एका जनुकाकडे बोट गेले, बीसीएल-११-ए. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने मानवी पेशींत ते दाबले, गर्भाचे हिमोग्लोबिन वाढले. आता ते जनुक मोडावे, तर उंदरांत दिसले होते की ते पूर्ण मोडलेली पिल्ले जन्मल्यावर जगत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते लागते. मेंदूच्या घडणीतही त्याचा वाटा आहे. मग क्री-लॉक्स ही पद्धत कामी आली. तिच्यात जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा घालून ठेवतात आणि त्या खुणांमधला भाग कापणारे प्रथिन फक्त निवडलेल्या पेशींत बनू देतात. मानवी सिकलसेलचे जनुक असलेल्या उंदरांत, फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या वंशातून बीसीएल-११-ए काढले, आणि आजार हटला. हे २०११ चे काम.

माणसात असे कापायचे तर फक्त तांबड्या पेशींत उपयोगी पडणारी जागा हवी होती. २०१३ मध्ये या जनुकाच्या आतच असा एक तुकडा सापडला, जो त्याला केवळ तांबड्या पेशींत चालू ठेवतो. २०१५ मध्ये शेकडो गाइड आरएनए वापरून तो तुकडा इंचाइंचाने कापून पाहिला गेला आणि सर्वांत नाजूक जागा सापडली. उंदरातला तुकडा तपासला तेव्हा त्यातली नाजूक जागा वेगळी निघाली. उंदराने वाट दाखवली, पण शेवटचे अंतर माणसाच्या पेशींतच चालावे लागले, हाही धडा मोलाचा आहे. आज कॅसगेव्ही हा उपचार नेमका त्याच जागेवर कापतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. नंदुरबारच्या कुटुंबासाठी ही किंमत म्हणजे उपचार नसल्यासारखेच आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे. ते तडीस जावे आणि सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचावे, ही आपली सर्वांची मागणी असायला हवी.

या साधनाचा दुरुपयोगही झाला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधले संशोधक हे जियानकुई यांनी मानवी भ्रूणांत संपादन करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. जगभरच्या वैज्ञानिकांनी त्याचा निषेध केला आणि तिथल्या न्यायालयाने त्यांना तुरुंगवास दिला. मघाशी सांगितलेली ठिगळे आठवा. माशाच्या अंड्यात पेशीपेशीत वेगळा बदल होतो हे आम्ही रोज पाहतो. जे उत्तर माशातही एका पिढीत खात्रीने मिळत नाही, ते न जन्मलेल्या मुलावर आजमावणे हा गुन्हाच आहे. प्राण्यांचेही आपल्यावर ऋण आहे. एक जनुक, एक प्रश्न, आणि त्यासाठी लागतील तेवढेच प्राणी, ही शिस्त प्रयोगाच्या कागदावर आणि हातातही असायला हवी. निष्काळजीपणे विचारलेल्या प्रश्नासाठी गेलेला प्राणी फुकट गेलेला असतो.

माणसाच्या २० हजार जनुकांपैकी फार मोठ्या भागावर अजून जेमतेम काम झाले आहे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात उंदरांतले एकेक जनुक मोडून पाहिले, तेव्हा पहिल्या १,७५१ जनुकांपैकी ४१० जनुकांवाचून पिल्ले जगतच नाहीत असे आढळले. ही यादी पुढे न्यायला हुशार मुलांची कमतरता आपल्याकडे नाही. पुण्यातल्या आयसर आणि आघारकर संस्थेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशी, मासा, उंदीर यांवर काम चालते, ते आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे. गरज आहे ती माशांच्या खोल्या सुट्टीतही चालू ठेवणाऱ्या तंत्रज्ञांच्या कायम नेमणुकांची, माश्यांचे आणि माशांचे वंश दशकानुदशके जपणाऱ्या केंद्रांची, आणि ‘काही बिघडले नाही’ हे उत्तरही तितक्याच आदराने छापणाऱ्या नियतकालिकांची. बीसीएल-११-ए चा उपचार कोणा एकाच्या झटक्यात सापडलेला नाही. कुठला उंदीर का मेला आणि कुठला का जगला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्या अनेकांच्या कामातून तो उभा राहिला. अशा कामाला पैसा देताना सरकारने आणि समाजाने पुढच्या वर्षीच फळ मागू नये. दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी आणि त्या बदल्यात आमच्याकडून प्रत्येक उत्तराची चोख पडताळणी मागावी. तशी मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि ती पुरी करणे हे आमचे कर्तव्य आहे.